क्षिप्रेतील माहेरवाशिणी

महाकालेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, ही हकीकत आमच्या आजी रामघाटाच्या पायरीवर बसून, माशांना कणकेच्या गोळ्या घालता घालता सांगत. हे मासे कोठून येतात नि कोठे जातात, असे आम्ही एकदा विचारले. "माहेरवाशिणी आहेत त्या. पावसाळ्यात येतात, पाणी उतरले की पोरेबाळे घेऊन जातात," एवढ्यात त्यांनी तो प्रश्न मिटविला.

आजींचे उत्तर फारसे चुकले नव्हते. देशावर ज्याला खडस म्हणतात आणि नर्मदाकाठी बाडस, तो मासा पुराच्या पाण्याबरोबर वर चढतो, खळाळत्या गोटेरी पात्रात अंडी घालतो. पिले पुढे ओसरत्या पाण्याबरोबर खालच्या डोहांत उतरतात. मध्य प्रदेशाने २०११ साली यालाच राज्याचा मासा ठरविले. मान मोठा, वाट मात्र अरुंद!

गेल्या आश्विनात गावाबाहेरील एका बंधाऱ्यावर आम्ही सहज गेलो होतो. फळ्या नुकत्याच बसविलेल्या. भिंतीच्या वरच्या अंगास बोटाएवढी पिले दाटली होती. कोणत्या जातीची, हे आम्हांस ओळखता आले नाही. प्रवाह नेईल तिकडे जावयाचे, एवढेच त्यांना ठाऊक. आणि प्रवाह तर थांबलेला. जवळचा नावाडी म्हणाला, "बाबूजी, आता ही इथेच. उन्हाळ्यात पाणी तापले की संपली."

अमेरिकेतील कोलंबिया नदीवर १९३८ साली बॉनव्हिल धरण झाले, तेव्हा वर चढणाऱ्या सॅमन माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधली होती. समुद्राकडे उतरणाऱ्या पिलांचा प्रश्न अधिक अवघड निघाला. जलाशयाच्या संथ पाण्यात त्यांचे दिवस वाया जातात, पाणी तापते, मोठे मासे टपून असतात. जी चक्रांतून जातात त्यांतील काही तेथेच चिरडतात. उंचावरून पाणी सोडावे, तर त्यात मिसळलेली हवा त्यांच्या रक्तात बुडबुडे धरते. तरीही वसंतात मुद्दाम पाणी सोडतात, काही पिलांना नावांत भरून खाली नेतात. एल्व्हा नदीवरील दोन धरणे तर २०११ ते २०१४ या काळात पाडूनच टाकली.

आमचा बंधारा पुरुषभर उंचीचा. त्यास तोडा असे कोण म्हणेल? क्षिप्रा पावसाळ्यानंतर धड वाहत नाही. २०१४ पासून नर्मदेचे पाणी उपसून तिच्या उगमाशी सोडतात, आणि २०१६ च्या सिंहस्थात आम्हीही त्याच पाण्यात बुडी मारली. पर्वस्नानाला पाणी हवे, म्हणून फळ्या लवकर टाकाव्यात, अशा अर्जावर पहिली सही आमचीच होती. हे नावाड्यास सांगण्याचे धैर्य मात्र आम्हांस झाले नाही.

आता दुसरा अर्ज दिला आहे: कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मधली एक फळी काढून ठेवावी. सह्या अकरा झाल्या. देवळातील मंडळींपैकी दोघांनी, स्नानाचे पाणी उतरेल या भीतीने, कागद तसाच परत केला. त्यांच्याकडे आम्ही सोमवारी पुन्हा जाणार आहोत.