बेडरूममध्ये राहायला कोण येणार?

मासे ह्या विषयावर लिहितोय म्हटल्यावर निम्म्या वाचकांना सुरमई-पापलेट आठवणार ह्याची मला खात्री आहे. पण हे मासे ताटातले नाहीत, काचेतले. आमच्या बेडरूममध्ये, पूर्वी ड्रेसिंग टेबल होतं त्या जागी, तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा फिशटँक येऊन बसलाय. (ड्रेसिंग टेबल हॉलमध्ये गेलं. त्या वाटाघाटींवर स्वतंत्र लेख होईल.) टँकमध्ये वाळू आहे, पाणी आहे, चार पाणवनस्पती आहेत. मासे नाहीत. कारण कुठले आणायचे ह्यावर घरात महिनाभर चर्चासत्र चालू होतं.

सल्ले भरपूर मिळाले. सासूबाई म्हणाल्या, झोपायच्या खोलीत पाणी ठेवू नये, वास्तूला चालत नाही. दुकानदार म्हणाला, आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश न्या, बरकत येते. ऑफिसातला मित्र म्हणाला, फ्लॉवरहॉर्न घे, मालकाला ओळखतो. म्हणजे बॉससारखं डोकं फुगलेला एक प्राणी घरीही? नको रे बाबा.

शेवटी इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं. एक्सेल शीट उघडली.

पहिला कॉलम, झोप. बायकोची झोप इतकी सावध की मोबाईल उशीखाली थरथरला तरी ती उठते. हवेच्या पंपाची घरघर आणि मागे टांगायच्या फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याचा आवाज दिवसा मस्त वाटतो, रात्री दोन वाजता मात्र नळ गळतोय असं वाटतं. म्हणून साधा स्पंज फिल्टर आणला, पंप जाड फोमच्या तुकड्यावर ठेवला आणि दिव्याला टायमर लावला. दिवा आठ तास चालू, नंतर बंद. हे फक्त आपल्यासाठी नाही बरं का. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे ते झोपत नाहीत असं वाटतं, पण झोपतात. त्यांनाही अंधार लागतो.

दुसरा कॉलम, तापमान. पुण्यात हिवाळ्यात पहाटे चांगलाच गारठा असतो आणि उन्हाळ्यात आम्ही एसी लावतो. निऑन टेट्रा अमेझॉनच्या खोऱ्यातला, त्याला मऊ पाणी आवडतं आणि आमच्या सोसायटीत अर्धं पाणी बोअरवेलचं. फायटर, म्हणजे बेट्टा, थायलंडकडचा. त्याला पंचवीस-सव्वीस अंशांच्या आसपासचं उबदार पाणी हवं, म्हणजे हीटर आला.

तिसरा कॉलम मी आधी टाकलाच नव्हता, तो बायकोने टाकला. किती वर्षं जगतो?

गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आपण त्याला छोट्या गोल बाऊलमध्ये ठेवून वर्षभरात मारतो, म्हणून तो अल्पायुषी वाटतो. त्याचा रोजचा कचराही भरपूर. त्या हिशेबाने नऊ गोल्डफिश म्हणजे बरकत नाही, नऊ जणांची कोंडी. आणि आमचा भाडेकरार? अकरा महिन्यांचा.

"पुढच्या जूनमध्ये आपण ह्या घरात असू का, माहीत नाही," ती म्हणाली. "तू ऑनसाईट गेलास तर ह्यांना कोण बघणार?"

"तू."

"मग मासे मी ठरवणार."

ह्यावर मुद्दा काढणं मला जमलं नाही.

तिला आधी बेट्टा आवडला होता. त्याला पंखांचा काय तो रुबाब! शिवाय तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेऊ शकतो, त्याला संथ पाणी आवडतं, म्हणजे आवाज कमी. पण दोन नर एकत्र ठेवले की मारामारी. "एवढ्या मोठ्या टँकमध्ये एकटाच?" तिने विचारलं. मी सांगितलं की त्याला तेच बरं वाटतं. तिला पटलं, पण बघवणार नाही म्हणाली.

मला हवी होती मिस केरळ. लाल-काळ्या पट्ट्यांचा हा मासा केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या नद्यांमधला. २०१३ साली संशोधकांनी त्याच्यासाठी नवी प्रजाती केली, नाव 'सह्याद्रिया'. नाव वाचूनच मी विकला गेलो होतो! पण तो पाच-सहा इंच वाढतो, थव्याने राहतो, त्याला वाहतं पाणी आणि आमच्यापेक्षा बराच मोठा टँक लागतो. आणि शोभेच्या माशांच्या बाजारासाठी नद्यांमधून इतका पकडला गेला की तो आता धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. शीटमधून ती ओळ मीच काढली.

गप्पी तर सगळ्यांच्या ओळखीचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिकाही ते पाण्यात सोडतात. पण नर-मादी एकत्र आणले की महिन्याभरात पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं. आमचा वन बीएचके आहे हो.

शेवटी ठरला झेब्रा डॅनिओ. दीड-दोन इंचाचा, अंगावर निळ्या रेघा, दुकानात सगळ्यात स्वस्त. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात ह्याचं वर्णन केलं. मूळचा आपल्याच उपखंडातला, ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा, त्यामुळे थंडी-उन्हाळा दोन्ही सोसतो. जगभरच्या प्रयोगशाळांत हाच मासा असतो. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी तो पुन्हा वाढतो, हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. आणि माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचं भावंड ह्याच्यात सापडतं. म्हणजे सासूबाईंना सांगायला हरकत नाही, नात्यातलेच आहेत.

आयुष्य साधारण तीन वर्षं, फार तर पाच. म्हणजे करार तीन-चार वेळा तरी बदलणार. आम्ही दोघांनी ठरवून टाकलंय: घर बदललं तर मासे बरोबर येतील, शहर बदललं तर ते माझ्या मित्राकडे जातील (त्याने हो म्हटलंय) आणि काहीही झालं तरी नदीत सोडायचे नाहीत. एवढं ठरल्यावरच आम्ही वाळू धुवायला घेतली.

घरमालकांनाही विचारलं. ते म्हणाले, "पाळा की, भुंकत तर नाहीत ना! फक्त टँक फुटला तर खालच्यांचं छत तुमच्या डिपॉझिटमधून." शंभरेक लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन शंभर किलो. त्यांचं बरोबर आहे.

सध्या टँक रिकामा चालवतोय. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकून अमोनिया तयार करतोय आणि टेस्ट किटने मोजतोय. घरी येणारे विचारतात, मासे कुठायत? आम्ही सांगतो, जागा तयार करतोय. तीन आठवडे झाले, अमोनिया उतरलाय, नायट्राइट अजून आहे.

दोन्ही शून्यावर आले की आठ झेब्रा येतील. तोवर बायको रोज रात्री रिकाम्या टँकसमोर पाच मिनिटं बसते. काय बघतेस विचारलं, तर म्हणाली, कुठल्या कोपऱ्यात झोपतील ते.