माहेरचा दुधी

निवृत्तीनंतर माळा आवरताना आजीचा बियाण्यांचा डबा हाती लागला. आत चिंध्यांच्या पुरचुंड्या आणि राखेत घोळलेले दुधीचे बी. पणजोबांनी साताऱ्याहून इंदुरास येताना हे बी आणले, असे आजी सांगे. कृषी खात्यात नव्याने रुजू झालो तेव्हा मीच तिला म्हणालो होतो, “आजी, हे जुने बी पुरे झाले. मी तुला सुधारित बियाण्याचे पाकीट आणून देतो.” तिने वाद घातला नाही. परवा त्यातले पंचवीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. एकही अंकुरला नाही.

त्या दिवशी पॅरिसच्या व्हिल्मोरँ घराण्याचे स्मरण झाले. सेन नदीकाठच्या त्यांच्या बियाण्यांच्या दुकानाचा आरंभ १७४३ सालचा मानतात. क्लोद जोफ्रुआ ही बियाण्यांची जाणकार स्त्री. तिचे पती पिएर आंद्रिये हे पंधराव्या लुईच्या पदरी वनस्पतिज्ञ. त्यांच्या लेकीशी विवाह करून व्हिल्मोरँ त्या घरात आले आणि पेढीचे नाव ‘व्हिल्मोरँ-आंद्रिये’ झाले. पुढे याच वंशातील लुई यांनी साखरबीटावर काम केले. प्रत्येक निवडक कंदाचे बी ते निराळे ठेवीत, निराळे पेरीत आणि मातृवृक्षाची पारख त्याच्या संततीवरून करीत. १८५६ साली त्यांनी हे तत्त्व मांडले. त्यांचे पुत्र आंरी यांनी गव्हाचे संकर केले. विसाव्या शतकात मात्र पेढी घराण्याच्या हातून गेली. १९७५ साली ती लिमाग्रँ या शेतकऱ्यांच्या सहकारी समूहाकडे आली. घराणे दूर झाले, बियाण्यांचे काम राहिले.

पेढी टिकली ती लेकीच्या वाटेने, ही गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. आमच्याकडे वंशावळ लिहिताना लेकी ‘दिल्या घरी गेल्या’ म्हणून आपण पुढची ओळ लिहीतच नाही. मी देवासला आत्याच्या सुनेला पत्र घातले. आठ दिवसांत उत्तर आले: “भाऊजी, सासूबाईंनी लग्नात ओटीतून आणलेला वेल अजून दर पावसाळ्यात मांडवावर चढतो. आम्ही त्याला माहेरचा दुधी म्हणतो.” सोबत अकरा बिया होत्या.

दुधीत परपरागीभवन होते. तेव्हा हे बी पणजोबांचेच, असे प्रमाणपत्र मी अधिकारी म्हणून देऊ शकणार नाही. अकरापैकी नऊ उगवल्या. नातीने प्रत्येक वेलाला निराळी चिठ्ठी बांधली आहे.