मधल्या जागेचं काम

नागपूरहून भंडाऱ्याला निघालात, की भंडारा यायच्या थोडं आधी जवाहरनगर लागतं. ही आयुधनिर्माणीची वसाहत. तोफगोळा पुढे ढकलणारी दारू आणि इतर स्फोटकं इथल्या कारखान्यात तयार होतात. आत आपल्याला कोण सोडणार? पण असे कारखाने कसे मांडतात, ते घरच्या टेबलावर शिकता येईल.

सात रिकाम्या काडेपेट्या घ्या. आर्किटेक्चरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाची मुलंही अशीच पुठ्ठ्याचे ठोकळे घेऊन बसतात बरं का! त्या विषयाला 'बेसिक डिझाईन' म्हणतात. घर, शाळा, दवाखाना हे सगळं नंतर. आधी नुसती मांडामांड.

पेट्या एका ओळीत चिकटवून ठेवा. झाली चाळ! आता त्याच पेट्या चौकोनात मांडा आणि मध्ये मोकळं सोडा. झाला वाडा! मधल्या चौकात ऊन येईल, वारा येईल, मुलं खेळतील. पेट्या तर त्याच आहेत. मग बदललं काय? मधली जागा!

आता पेट्या उभ्या करा, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. पहिलीला टिचकी मारा. धडाधड सगळ्या आडव्या! पुन्हा उभ्या करा, पण या वेळी एकेक वीत अंतर ठेवा. मारा टिचकी. एकच पडली ना?

स्फोटकांच्या कारखान्यात नेमकं हेच करतात. इमारती मुद्दाम लांब-लांब बांधतात. मध्ये मातीचे उंच बांध घालतात. एका इमारतीत स्फोट झालाच, तर उडालेले तुकडे बांधात अडतात आणि धक्का पुढे जाईपर्यंत कमी होतो. एरवी आपण म्हणू, 'केवढी जागा वाया घालवली!' पण ती रिकामी जागा दिवसरात्र पहाऱ्यावर असते.

पण हा पहारा शेजारच्यांसाठी. आतल्या माणसाला तो वाचवू शकत नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या याच कारखान्यात स्फोट झाला, छत कोसळलं आणि आठ कामगारांचा मृत्यू झाला. कुणाचे बाबा, कुणाचा दादा सकाळी कामावर गेले, ते परतलेच नाहीत. म्हणून नकाशा चांगला असला, तरी आत रोजची शिस्त आणि काळजी लागतेच.

माणसांच्या वस्तीत मात्र उलटा हिशेब. तिथं घरं जवळ हवीत. शेजारीण हाक मारली की आली पाहिजे, शाळा पायी गाठता आली पाहिजे. म्हणजे किती अंतर ठेवायचं, ते तिथं काय चालणार आहे त्यावर ठरतं. नव्या विद्यार्थ्यांना हेच समजायला वेळ लागतो. ते भिंती काढत सुटतात आणि उरलेली जागा तशीच राहते.

आता तुमची पाळी. तुमच्या शाळेचा नकाशा काढा. पण रंग फक्त रिकाम्या जागांमध्ये भरा: मैदान, व्हरांडा, जिन्याखालचा कोपरा. प्रत्येक जागेत तिचं काम लिहा. एखादीला कामच सापडलं नाही, तर तिथं काय करता येईल, ते आईबाबांना विचारा!