बाबांच्या गुप्तहेराची गाणी

शहापुरात गेली २७ वर्षे मी वैद्यकीय व्यवसाय करतो. आठवड्यातील दोन दिवस मुरबाडलाही जातो. ‘संध्याकाळ झाली की आमचे वडील “घरी जायचंय” म्हणत दाराशी उभे राहतात, काय करावे?’ हा प्रश्न मला या काळात अनेक कुटुंबांनी विचारला आणि मी त्यांना शांतपणे उत्तरे दिली. चार वर्षांपूर्वी माझेच वडील पायांत चपला अडकवून ‘ड्यूटीला उशीर होतोय’ म्हणत दाराशी उभे राहू लागले, तेव्हा त्या उत्तरांपैकी किती थोडी स्वतःच्या घरात उपयोगी पडतात ते मला कळले.

बाबा आता ८२ वर्षांचे आहेत. आमच्या तालुक्यातील तानसाचे पाणी मुंबईला जाते. त्या पाण्यामागोमाग इथली तरुण मुलेही नोकरीसाठी गेली. बाबा त्यांच्यापैकीच एक. परळच्या एका खोलीत ते सातआठ जणांबरोबर राहत. पगार झाला की मित्रांसोबत फोर्टात जाऊन इंग्रजी चित्रपट पाहायचा, ही त्यांची एकमेव चैन. त्यांतही जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराचा चित्रपट असला, तर तो चुकवायचा नाही. संवाद फारसे कळत नसत. पण नामावलीबरोबर वाजणारे गाणे पहिल्या सुरापासून ऐकायला मिळावे, म्हणून ते वेळेआधी खुर्चीत जाऊन बसत. पुढे शहापुरात घर बांधल्यावर या गाण्यांची एक कॅसेट त्यांनी आणली. माझे बालपण रेडिओवरची भक्तिगीते आणि ही कॅसेट यांच्यामध्ये गेले.

डिमेन्शियाचे निदान झाले तेव्हा मी मुलगा कमी आणि डॉक्टर जास्त झालो. दिवस मावळताना या रुग्णांची अस्वस्थता वाढते, त्याला ‘सनडाउनिंग’ म्हणतात. मी बाबांसाठी झोपेची गोळी सुरू केली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही, कपाळाला चार टाके पडले. ते टाके मीच घातले. अशा गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, गोंधळ वाढतो, हे मी इतरांना कितीदा सांगितले होते! गोळी बंद केली. आई काही बोलली नाही. पण ती रात्रभर जागी राहू लागली, आणि तेही मला उशिरा दिसले.

मग एका संध्याकाळी माझ्या मुलाच्या मोबाइलवर बाँडपटांची ती प्रसिद्ध धून वाजली. दाराकडे निघालेले बाबा थांबले. त्यांच्या उजव्या हाताची बोटे कठड्यावर ताल धरू लागली. ‘सीट पकडा रे,’ ते म्हणाले आणि स्वतःच खुर्चीवर बसले.

ही धून १९६२ सालच्या ‘डॉ. नो’ या पहिल्या चित्रपटातील. मॉन्टी नॉर्मन यांनी ती मुळात व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरील संगीतिकेसाठी रचलेल्या गाण्यातून घेतली होती. ती कादंबरी त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबाची, म्हणून त्या मूळ चालीला भारतीय वळण होते. जॉन बॅरी यांनी तिची वाद्यरचना केली आणि विक फ्लिक यांच्या गिटारने ती जगभर पोहोचवली. हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली. तानसाकाठच्या मुलाला ती परकी वाटली नाही, यात नवल ते काय!

त्यानंतर आम्ही बाबांची आवडती गाणी शोधून काढली. शर्ली बॅसी यांनी बाँडपटांची तीन शीर्षकगीते गायली: १९६४चे ‘गोल्डफिंगर’, १९७१चे ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ आणि १९७९चे ‘मूनरेकर’. बाबांना ‘गोल्डफिंगर’ सर्वांत प्रिय. पण आता त्यातील पितळी वाद्यांचा पहिला घोष ऐकताच ते दचकले आणि कान झाकून बसले. आवडते गाणेसुद्धा मोठ्या आवाजात त्रास देते, हा धडा मिळाला. १९७७ सालच्या चित्रपटातील कार्ली सायमन यांचे ‘नोबडी डझ इट बेटर’ मात्र संथ पियानोने सुरू होते. ते त्यांना मानवले.

संगीताची आठवण मेंदूच्या एकाच कप्प्यात नसते. ऐकणे, लय, हालचाल, भावना अशा अनेक केंद्रांत ती पसरलेली असते. म्हणून नावे आणि तारखा पुसल्या गेल्यावरही गाणे बराच काळ टिकते. साधारण १० ते ३० या वयातील आठवणी सर्वांत खोल रुजतात. तेव्हा गाणी निवडायची ती त्या वयातली, आपल्या नव्हे तर त्यांच्या आवडीची. मुरबाडकडच्या एका आजींना मुलगा रोज अभंग ऐकवीत असे. त्या तोंड फिरवीत. सुनेने जात्यावरची ओवी गुणगुणली तेव्हा त्यांचा हात गोल फिरू लागला.

काळजी घेणाऱ्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. अस्वस्थता सुरू होण्याच्या अर्धा तास आधी गाणी लावावीत आणि घरातील दिवे लावून ठेवावेत. आवाज मध्यम असावा, दूरदर्शन बंद असावे. श्रवणयंत्र असेल तर ते कानात आहे ना, हे पाहावे. ‘हे कोणते गाणे, ओळखा पाहू,’ अशी परीक्षा घेऊ नये. चेहरा कसनुसा झाला, डोळे भरून आले, तर गाणे बदलावे किंवा थांबवावे. आणि एक महत्त्वाचे: गोंधळ एकदोन दिवसांत अचानक वाढला, तर तो निव्वळ विस्मृतीचा समजू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, वेदना किंवा एखादे नवे औषध यामागे असू शकते. अशा वेळी त्वरित डॉक्टरांना दाखवावे. झोपेची गोळी मनाने देऊ नये. हे मी आता दोन्ही बाजूंनी सांगतो.

गाण्यांनी बाबांचा आजार बरा झालेला नाही. माझे नाव ते महिन्यातून एखाद्या वेळीच घेतात. पण संध्याकाळचा तो अर्धा तास शांत जातो, आणि त्या वेळात आई पाठ टेकते. आमच्या घरात हा लाभ लहान नाही.

या गाण्यांतले शेवटचे लुई आर्मस्ट्राँग यांचे, १९६९ सालच्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या चित्रपटातील. ‘जगातला सारा वेळ आपल्यापाशी आहे’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आर्मस्ट्राँग आजाराने इतके थकले होते की, ज्या ट्रम्पेटने त्यांना कीर्ती दिली ते वाजवणेही त्यांना जमले नाही. त्यांनी केवळ गायले. १९७१मध्ये ते गेले.

आईला मी एकदा विचारले, ‘इतकी वर्षे ही गाणी ऐकलीस, तुला शब्द कळायचे का?’ ती म्हणाली, ‘शब्द कुठले कळायला? ते खुशीत आहेत, एवढं कळायचं.’

परवा ते गाणे संपता संपता बाबा उठले, चपला शोधू लागले. ‘किती वाजले? उशीर झाला.’

‘नाही हो,’ आई म्हणाली, ‘अजून वेळ आहे.’

बाबांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिले आणि ते तिच्या शेजारी बसले.