कशेडीचे धुके

गाडी हाकणाऱ्याशी बोलू नये म्हणतात. ही सबब किती सोयीची आहे, ते मला १९७१ च्या जानेवारीत कळले!

मुंबईला अण्णांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, ते साधले नाही. दृष्टी परत येणार नव्हती. हे त्यांना सांगायचे काम माझ्याकडे आले. मित्राची जुनी मोटार मागून घेतली, अण्णांना शेजारी बसवले आणि ठरवले, चिपळूणला घरी पोचण्याआधी सांगून टाकायचे.

पनवेल गेले, वडखळ गेले, माणगाव गेले. तोंड काही उघडेना.

महाडच्या पुढे चाकांचा आवाज पालटला. शालीत गुरफटलेले अण्णा पुटपुटले, “सावित्रीचा पूल.” (तो दगडी पूल २०१६ च्या पुरात वाहून गेला.) बरोबरच होते. याच रस्त्यावर त्यांनी वीस वर्षे एस. टी. हाकली होती.

पहाटे कशेडीच्या घाटात इंजिन तापले. पाणी ओतून निघालो, तो समोर धुक्याची भिंत! दिवे लावून चार हात पुढचे दिसेना.

“धुके आहे का रे?”

“हो, अण्णा.”

“मग सावकाश. आता डावीकडे मोठे वळण. दुसऱ्या गियरवर घे.”

एकेक वळण ते सांगत गेले आणि मी मुकाट्याने चाक फिरवीत गेलो. सबंध घाट असा उतरलो.

“आता बोलून टाक,” अण्णा म्हणाले. “पनवेलपासून गप्प आहेस.”

भरण्याच्या नाक्यावर मी गाडी उभी केली आणि दोन चहा सांगितले.