उन्हाच्या मुलखातली कामाची खोली

घरात कामाची खोली थाटायची तर आधी खोली निवडावी लागते, आणि वर्ध्याकडे ही निवड ऊन करते. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. स्लॅबचे घर दिवसभर तापते आणि साठवलेली उष्णता सूर्य मावळल्यावर आत सोडू लागते. पश्चिमेची भिंत तर जेवणाच्या वेळेपर्यंत हाताला गरम लागते. वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे वस्ती वाढली आणि विद्यार्थ्यांना, नर्सेसना भाड्याने देता येतील अशा वरच्या खोल्याही वाढल्या. अशी एखादी खोली रिकामी असली की घरातल्यांची नजर तिच्यावरच जाते: वेगळा जिना, शांतता, कोणाची ये-जा नाही. मेअखेरच्या नवतपात मात्र त्याच खोलीत दुपारी बसवत नाही.

प्रस्तुत लेखक घरी बसून भाषांतर आणि मुद्रितशोधन करतो. २०२०च्या टाळेबंदीत हे काम कायमचे घरी आले, तेव्हा खालच्या मजल्यावरची उत्तरेची खोली त्यासाठी मोकळी करण्यात आली. पूर्वी तिथे धान्याच्या कोठ्या, जास्तीच्या गाद्या आणि शिलाई मशीन असे. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर जवळपास सारखा राहतो. डोक्यावर आणखी एक मजला असल्याने छत तापत नाही. ज्यांच्या डोक्यावर उघडा स्लॅब आहे ते त्याला चुन्याचा लेप देतात, किंवा बांबूच्या मांडवावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरून सावली करतात. महागड्या खुर्चीआधी हा खर्च करावा, असे लेखकाचे मत आहे.

गारव्यासाठी येथे कूलर. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढली जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते आणि गार झोत आत येतो. म्हणून कूलर खिडकीबाहेर हवा आणि खोलीतून हवा बाहेर जायला समोरचे दार किंवा झरोका उघडा हवा. दार लावून कूलर चालवला तर अर्ध्या तासात खोली दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. पाऊस सुरू झाला की बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा कूलर नुसती चिकचिक वाढवतो. त्या महिन्यांत पंखाच बरा. टेबल झोताच्या समोर ठेवू नये. मान आखडते, कागद उडतात आणि पाण्याचे बारीक तुषार कीबोर्डवर बसतात. ऑनलाइन बैठकीत कूलरचा घोंघाट पलीकडच्याला आधी ऐकू जातो, म्हणून त्या वेळी पंप चालू ठेवून पंख्याची गती कमी करावी आणि कानाला लावायचा, तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन वापरावा. यवतमाळ रस्त्यावरून महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे वळणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या सायरनला अर्थात कुठलाच उपाय नाही. बोलणारा क्षणभर थांबतो, पलीकडचाही थांबतो.

कूलरबरोबर विजेचा विचार येतो, आणि येथे घाई करू नये. लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढावा, अनवाणी हात लावू नये आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरला तुटणारे गळती-संरक्षक बसवून घ्यावे. अर्थिंगचे खरेखोटे लॅपटॉप सांगतो: चार्जर लावलेला असताना धातूच्या कडेवरून बोट फिरवले आणि मुंग्या आल्यासारखी बारीक झिणझिण जाणवली, तर अनेकदा दोष अर्थिंगमध्ये असतो. लेखकाच्या खोलीत हे एप्रिलमध्ये सुरू झाले. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीशी संपर्क सुटतो. वायरमनने खड्ड्यात मीठ-कोळशाची नवी भर घालून वर पाइप ठेवला. त्यातून अधूनमधून बादलीभर पाणी ओतले की झिणझिण थांबते.

लाइन जाते तेव्हाचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. बदलातली घट आणि बॅटरी पार रिकामी न करण्याचे पथ्य धरले तर साधारण १,२०० हाती लागतात. लॅपटॉप ६५ वॉट, राउटर १०, जुना छताचा पंखा ७५ आणि दिवा ९ असा भार धरला तर साडेसात तास निघतात. तोच पंखा कमी वीज खाणारा, म्हणजे ३० वॉटच्या आसपासचा घेतला तर दहा तासांच्या पुढे जाता येते. कूलर यात धरलेला नाही. राउटरला वेगळा लहान बॅकअप असावा, कारण लाइन जाताना इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणात तो बंद पडून पुन्हा चालू होतो आणि बैठक तुटते. फायबर तुटला तर मोबाइलचे हॉटस्पॉट. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचे सिम ठेवावे.

मग टेबल-खुर्ची. बाजारातली टेबले साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात. मध्यम उंचीच्या माणसाला, विशेषतः बायकांना, ती उंच पडतात. खांदे वर उचलले जातात आणि संध्याकाळी मानेच्या मुळाशी ठणका लागतो. कोपर काटकोनात राहील इतकी खुर्ची वर घ्यावी. पाय अधांतरी राहू लागले तर खाली पाट ठेवावा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर असावे. लॅपटॉपवर हे दोन्ही जमत नाही, कारण स्क्रीन योग्य उंचीवर घेतली की कीबोर्ड वर जातो. लॅपटॉप जाड शब्दकोशांवर चढवून वेगळा कीबोर्ड जोडला की भागते. स्क्रीन खिडकीला समोरासमोर किंवा पाठमोरी न ठेवता आडवी ठेवावी, म्हणजे चकाकी येत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे असे सांगतात. या खोलीतून त्या अंतरावर शेजारचा कडुनिंब येतो.

खुर्चीशिवायही बसता येते. सेवाग्राम वर्धा शहराच्या पलीकडच्या अंगाला आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले आणि पुढची कित्येक वर्षे देशभरचा पत्रव्यवहार तिथून चालला. बापूकुटीत त्यांची जमिनीवरची बैठक दाखवतात. मातीच्या भिंती, वर कवेलू, बसल्या जागी हाताला येईल असे मोजके सामान. जवळच्या दफ्तरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेल्या टेलिफोनची जागा आहे आणि साप पकडायचा चिमटाही. खेड्यात कार्यालय थाटताना दोहोंची गरज पडली होती. विचारवंत इव्हान इलिच १९७८च्या जानेवारीत सेवाग्रामला आले तेव्हा याच कुटीवर बोलले. जाड भिंत आणि कवेलूंमधून खेळणारी हवा आपले काम करतात, हे भर दुपारी तिथे बसले की कळते. दिवसभर मांडी घालून टंकलेखन करणे मात्र ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर आहे. लेखक मुद्रिते वाचायला खाली, उतरत्या डेस्काशी बसतो आणि टंकायला टेबलावर जातो. जागा बदलली की पाठीलाही बरे वाटते.

घरच्यांशी वेळ ठरवणे हा शेवटचा, पण चिवट भाग. घरी असलेला माणूस रिकामाच, असे शेजारी धरून चालतात: गॅसचा सिलिंडर घ्यायचा असो की कुरिअर, हाक त्यालाच येते. या घरात आईने यावर तोड काढली. दाराची कडी आतून असेल तर बैठक, दार नुसते लोटलेले असेल तर चहा चालेल. सिलिंडरवाल्याला हे ठाऊक नसल्याने तो खिडकीत येतो.

पावसाळ्यासाठी एवढेच: कागद सादळतात आणि भिंतीला लागून ठेवलेल्या फळीच्या कपाटात उधई चढते. फायली लोखंडी रॅकवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवाव्यात. खालचा कप्पा रिकामा राहू द्यावा, म्हणजे मातीची रेघ वर सरकू लागली तर लगेच दिसते.