आधीच्या मालकाचं काम

जुना मिनी ट्रॅक्टर बघायला गेलं की माणूस आधी मीटरवर वाकतो. किती तास चालला? मी मीटर सगळ्यात शेवटी बघतो. जुन्या मॉडेलांत ते बहुतेक केबलवर चालतं. केबल सोडून ठेवली की काटा झोपतो, इंजिन मात्र राबत राहतं. केबल जोडलेली असली तरी ते मोजतं इंजिनाच्या फेऱ्या, त्यामुळं हळू रेसवर दिवसभर चाललेल्या ट्रॅक्टरचे तास कमीच दिसतात. मला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की आधीच्या मालकानं याच्याकडून कुठलं काम करून घेतलं. झीज त्या कामाच्या जागी असते आणि ती रंगानं झाकत नाही.

माझा धंदा भाड्यानं गवत कापून देण्याचा. कंधारचा हा भाग बालाघाटाच्या उतरणीवरचा. वर मुरमाड माळ, खाली काळी जमीन. आंब्या-सीताफळाच्या बागा, शाळांची मैदानं आणि अलीकडं नोकरदारांनी घेतलेली दोन-चार एकरांची रानं, अशा ठिकाणी मला बोलावणं येतं. पाऊस लागला की हराळी, केना, गाजरगवत आणि काळ्या रानात कुंदा. कुंद्यावर लोक रोटाव्हेटर घालतात, तिथंच फसतात. मुळ्यांचे तुकडे होतात आणि डोळा असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. बागेत तरी गवत वरून कापावं, कापलेलं तिथंच पडू द्यावं, या मताचा मी आहे. त्यामुळं माझ्याबरोबर ट्रॅक्टर घ्यायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, नांगरायचंय का कापायचंय? दोन्ही करायचंय म्हणणाऱ्याला मी मोठा ट्रॅक्टर घ्यायला सांगतो आणि घरी जातो.

कापायचंच असेल तर वजन कमी हवं. काळ्या जमिनीत वाफसा आल्याशिवाय चाक घालता येत नाही, आणि गवत काही वाफशाची वाट बघत नाही. दोन टनांच्या आसपासचा मोठा ट्रॅक्टर ओलीत गेला की चाकोऱ्या पाडतो, त्या उन्हाळ्यापर्यंत बुजत नाहीत. महिंद्राचा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ हे १५ अश्वशक्तीचे, टनाच्या आतले. कुबोटाचा बी २४४१ हा २४ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, चारही चाकांना ओढ असलेला, आणि तोही हलका. पण गवत कापणाऱ्या स्लॅशरच्या दर फूट रुंदीला पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चार-पाच अश्वशक्ती तरी लागते. इंजिनाची १५ असेल तर पीटीओपर्यंत फार तर ११-१२ पोचते, म्हणजे तीन फुटांचं पातंसुद्धा ओढाताणच. वर स्लॅशर मागच्या दोन्ही चाकांना झाकणारा हवा. नाहीतर चाकाखाली लोळलेलं गवत कापायचं राहतं आणि मागं पट्टे दिसतात. तीन फुटांचं काम असेल तर १५ चा जुना ट्रॅक्टर कसाबसा चालतो. चार फुटांचा स्लॅशर घेऊन ठेवलेला असेल तर २४ च्या खाली बघूच नये.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडं विकायला येणारे बरेच मिनी ट्रॅक्टर द्राक्षाच्या पट्ट्यातले असतात. नंबरप्लेट वाचावी. एमएच १५ म्हणजे नाशिक, एमएच १० म्हणजे सांगली. तिथं हे ट्रॅक्टर दोन ओळींतून फवारणीचा ब्लोअर घेऊन फिरतात. फवारणीला जमिनीची ओढ नसते, म्हणून टायर बरे, पुढचा अॅक्सल घट्ट, ड्रॉबारचं भोक गोल. गिऱ्हाईक खूश होतं. पण ब्लोअर हंगामभर पीटीओवर चालतो, आणि गवत कापायलाही आपल्याला तोच पीटीओ लागतो. म्हणजे दिसायला सगळ्यात चांगला ट्रॅक्टर आपल्याला हवा तिथंच झिजलेला असू शकतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला, रिमच्या कडेला बोट फिरवावं. बोर्डोचे निळसर डाग आणि गंज तिथं राहिलेला असतो. मग मागं जाऊन पीटीओच्या शाफ्टचे सहा दात बघावेत. कडा धारदार झाल्या असतील, कपलिंग घालून हलवलं तर खटखटत असेल, तर इतिहास कळला.

उसाच्या पट्ट्यातला ट्रॅक्टर याच्या उलट. बांधणी करून करून त्याचा पुढचा भाग खिळखिळा झालेला असतो. किंगपिनचे बुश गेलेले, स्टेअरिंग वीतभर फिरल्यावर चाक वळतं, चारही चाकांची ओढ असेल तर पुढच्या सीलमधून तेल गळतं. दिसायला गरीब. पण हे बुश, सील, टाय रॉडची टोकं गावाजवळचा फिटर बदलून देतो, आणि पीटीओ बऱ्याचदा कमी वापरातला निघतो. एका सरांना बागेसाठी ट्रॅक्टर घ्यायचा होता, तेव्हा असे दोन समोर उभे होते. सर चकचकीत द्राक्षवाल्याभोवती फिरत होते.

"काका, हा लई साफ हाय बगा. हाच घेऊ की."

"सर, हा घ्या, पण मग फवारणी करा याच्यावर. गवत नका कापू."

त्यांनी उसाचा घेतला. मनापासून घेतला असं मी म्हणणार नाही, पण किंमत कमी होती.

बघण्याच्या बाबतीत आमचा भाग कच्चा नाही. माळेगावच्या यात्रेत लाल कंधारीचा गोऱ्हा घेताना जाणता माणूस दात बघतोच, पण त्याआधी त्याला उभ्याचा चालवून बघतो. ट्रॅक्टरचंही तसंच. सकाळी, न सांगता जावं आणि आधी इंजिनावर हात ठेवावा. गरम असेल तर मालक सुरू होण्याची अडचण लपवत असेल. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळानं विरला तर चिंता नको. तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर रिंगा गेल्या. ऑइलचं झाकण काढून भपकारा बघतात, तेही ठीक, पण एका सिलिंडरच्या इंजिनात थोडा भपकारा येणारच. त्यावरून भाव पाडणाऱ्यांना मी गप्प करतो. स्लॅशर उचलून इंजिन बंद करावं आणि चहा घ्यावा. तोवर तो खाली टेकला तर लिफ्टमध्ये काम आहे. टायरवरचे चार आकडे वाचावेत. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. टायर ट्रॅक्टरपेक्षा बराच नवा असेल आणि मीटरवर तास मोजकेच, तर मीटर खोटं बोलत असावं. रेडिएटरच्या जाळ्या उजेडाला धरून बघाव्यात. गवताचा भुसा त्यात बसतो, आणि आपल्याकडच्या उन्हात अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरवर इंजिन टिकत नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची ना-हरकत आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे मोकळे करू नयेत. नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या आरटीओची ना-हरकत लागते का तेही विचारावं. आणखी एक. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर मिळाले. साडेतीन लाखांतले ३ लाख १५ हजार सरकारचे. हे ट्रॅक्टर विकण्यावर, गहाण टाकण्यावर बंधन असतं. कमी वापरलेला, पण कुणाच्याच एकट्याच्या नावावर नसलेला ट्रॅक्टर फार स्वस्तात येऊ लागला, तर आधी हे विचारावं.

घेतल्यावर दोन वस्तू बसवल्याशिवाय मी कुणाला स्लॅशर जोडू देत नाही. एक, शाफ्टवरचं ओव्हररनिंग क्लच. लहान ट्रॅक्टरांत बहुधा एकच क्लच असतो. तो दाबला तरी पीटीओ आणि चाकं गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेली राहतात, आणि स्लॅशरचं वजनदार पातं आपल्या गतीनं ट्रॅक्टरलाच पुढं रेटतं. पुढं झाड असो, बांध असो. हे क्लच शाफ्टची ओढ एकाच दिशेनं ठेवतं, मग पातं नुसतं फिरत राहतं. दुसरी वस्तू शाफ्टचं प्लास्टिकचं कवच. जुन्या ट्रॅक्टराबरोबर ते जवळपास कधीच येत नाही. वंगण घालायला अडतं म्हणून कुणीतरी काढून फेकलेलं असतं. मिनिटाला ५४० फेऱ्या घेणाऱ्या उघड्या शाफ्टला धोतराचा सोगा किंवा गमछ्याचं टोक लागलं तर माणसाला हात काढायलाही वेळ मिळत नाही. सरांचा गडी म्हणाला, पुढच्या महिन्यात बसवू. मी स्लॅशर माझ्याच गाडीत ठेवून घेतला, आणि कवच आल्यावर या म्हणालो.